मागच्या सीटवरची वही

तोंड उघडं, जबड्याच्या उजव्या बाजूला कापसाचे दोन बोळे, जिभेखाली सतत पाणी ओढून घेणारी वाकडी नळी आणि डोळ्यांवर दिवा, अशा अवस्थेत तिला कळलं की ती वही तिची नाही.

दातांची डॉक्टर सहजच बोलत होती. हात चालू असले की तिचं तोंडही चालू असायचं, पेशंटचं लक्ष दाढेवरून उडावं म्हणून. "आज संध्याकाळी येतोय हं आम्ही तुमच्याकडे," ती म्हणाली. "अकरा गाड्या झाल्यात काकू, सतरा माणसं. पुढच्या रविवारी कालव्याची वाट. कॅप्टनना म्हटलं, गुडघ्यामुळे तुम्ही येत नाही ते ठीक, पण वाट तुम्हीच आखून द्यायची. ती वही काढून ठेवा म्हटलं. काय डोकं आहे हो त्यांचं. स्वतःची लिपी शोधून काढायची म्हणजे. मी एकदा बघितली होती, नुसत्या अळ्या आणि ठिपके. हे काय म्हटलं, तर म्हणाले, माझी लिपी आहे, माझ्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही. आणखी थोडं आ करा."

तिने आणखी थोडं आ केलं.

मग यंत्र सुरू झालं. दाढ दुखत नव्हती, पण यंत्राची थरथर कवटीभर पसरत होती आणि त्या थरथरीत एकच वाक्य फिरत होतं, माझ्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही. तिने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. घशातून नुसता 'आँ' आला. डॉक्टर लगेच थांबली. "दुखतंय?" तिने मान हलवली. नाही. दुखत नव्हतं, हे अगदी खरं होतं. ओठ, हिरडी, अर्धी जीभ, सगळं झोपलेलं होतं. दुखायला लागेल ते नंतर, असं डॉक्टरनेच सांगितलं होतं, दोन-अडीच तासांनी, भूल उतरली की.

ती चालतच घरी निघाली. बसमध्ये कुणी काही विचारलं तर उत्तर देता येणार नाही, म्हणून. उजवा ओठ आपला नसल्यासारखा लोंबत होता, सारखं वाटत होतं की त्यातून लाळ गळते आहे, आणि ती सारखा रुमाल लावत होती, आणि रुमाल कोरडाच निघत होता. चष्म्याच्या दुकानाच्या काचेत तिने स्वतःला बघून घेतलं. चेहरा होता तसाच होता. बासष्ट वर्षांची, ताठ पाठीची, आखूड केसांची बाई. एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो. तीन न्यायाधीश तिच्यासमोर आले आणि निवृत्त झाले, ती तिथेच होती, डाव्या बाजूच्या लहान टेबलाशी, दोन टोक केलेल्या पेन्सिली आणि एक वही घेऊन. मिनिटाला एकशे चाळीस शब्द. एकदा एका वकिलाने हट्टच धरला की साक्षीदार 'देईन' म्हणाला, 'दिले' म्हणालाच नाही. न्यायाधीश म्हणाले, बाईंच्या वहीत बघा. ती उभी राहिली आणि तीन दिवसांपूर्वीची ती साक्ष प्रश्नासकट, खोकल्यासकट वाचून दाखवली. 'दिले'. वकील खाली बसला. त्या दिवशी घरी जाताना तिला वाटलं होतं की रस्त्यातल्या माणसांनी जरा बाजूला व्हावं. पण तो अभिमानसुद्धा शेवटी दुसऱ्याच्या शब्दाचा होता. हजारो पानं तिच्या हातून गेली. खून, वाटण्या, घटस्फोट, शेजाऱ्याच्या भिंती. आणि त्यात तिचा स्वतःचा शब्द एक नव्हता. असता तर तो गुन्हा ठरला असता. तिचा म्हणावा असा मजकूर जगात एकाच ठिकाणी होता, त्या तपकिरी पुठ्ठ्याच्या वहीत. आणि ती वही अळ्यांची होती, कॅप्टनच्या अळ्यांची.

कॅप्टन म्हणजे तिचा नवरा. जन्मभर लेथवर उभा राहिलेला टर्नर. लोखंडाचा केसाएवढा पापुद्रा काढणारा माणूस, पण मोटरसायकलवर बसला की मोजमाप विसरायचा. मित्रांना घेऊन आडवाटांनी फिरायचं खूळ त्याचंच. हमरस्त्याने काय कुणीही जातं, असं तो म्हणायचा. ज्या रविवारी सगळे जायचे त्याच्या आधीच्या रविवारी तो वाट बघून यायला निघायचा, आणि तेव्हा मागे ती बसायची. पहिल्या वर्षी ती नुसतीच बसायची. मग तो दगडाच्या खाणीचा प्रसंग घडला. वीटभट्टीपाशी रस्ता फुटला, दोन्ही फाटे सारखेच दिसत होते, डावा जरा रुंद आणि सपाट होता म्हणून त्याने डावीकडे घेतलं, वेग वाढवला, आणि एका उंचवट्यावरून उतरताना रस्ता संपला. पुढे हिरवं, स्थिर पाणी, खूप खाली. मागचं चाक घसरलं, गाडी आडवी झाली आणि थांबली. कड दोन हातांवर होती. तो जमिनीवर बसून हसायला लागला, मोठमोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिला हसू आलं नाही. तिने फक्त मागे वळून बघितलं होतं, आपण कुठून आलो ते, कुठल्या खुणेला चुकलो ते, आणि हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं असं तिला वाटलं होतं. पुढच्या वेळी तिने ऑफिसातली वही आणली, रुंद इलॅस्टिकने मांडीला बांधली, डावा हात मागच्या कडीला, उजव्या हातात पेन्सिल. चाळीसच्या वेगाने जाणारी गाडी म्हणजे काय, एखादा मध्यम वेगाचा वकील. रस्ता बोलत होता आणि ती लिहीत होती. जाड रेघ म्हणजे खडी, बारीक म्हणजे गुळगुळीत, ओळीच्या वर म्हणजे चढ. कोर्टाच्या लिपीत 'प्रतिवादी'साठी असलेली खूण तिने कुत्र्यांना देऊन टाकली होती, अंगावर धावून येणाऱ्या. ही गंमत फक्त तिला माहीत होती.

शनिवारी दुपारी तो गाडीची साखळी साफ करत बसायचा, हात काळे, आणि ती बाजूला स्टुलावर बसून वाचायची. त्याला एकदा ऐकलेलं पाठ व्हायचं. मग दुसऱ्या दिवशी तो पुढे आणि त्याच्यामागे सगळा गट. त्या रविवारी मागच्या सीटवर पंक्चरचं सामान आणि पाण्याचे डबे बांधलेले असायचे. तिला जागा नसायची. वही मात्र जायची, टाकीवरच्या पिशवीत. बारा वर्षं असं चाललं. मग गुडघा गेला, गेली चार वर्षं गाडी आच्छादनाखाली उभी होती आणि वही कपाटात. बारा वर्षांत आपल्याला एकदाही प्रश्न पडला नाही की तो तिथे थांब्यावर वही उघडून काय सांगत असेल? तिने स्वतःलाच विचारलं. की पडला होता, आणि आपणच तो मिटवून ठेवला होता? कारण त्याच्या तोंडून आपली वाक्यं गेली, आणि सगळी माणसं सुखरूप परत आली, एवढ्यावर तिचं पोट भरत होतं. निदान तिला तसं वाटत होतं. आता ओठ बधिर होता आणि मधेच कुठेतरी काहीतरी ठणकत होतं, ते दाढ नव्हे.

सकाळी तो म्हणाला होता, "दुपारी ती वही जरा वाचून दाखव. चार वर्षं झाली, डोक्यातून गेलंय सगळं." आणि ती खूश झाली होती. ते आठवून तिला स्वतःचा राग आला.

घरी तो तयारच होता. पाय स्टुलावर, टेबलावर वही, चष्मा, टोक केलेली पेन्सिलसुद्धा. "आलीस? चल, बस. साडेसहाला येतायत ते."

तिने ओठाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

"बोलता येत नाही?"

तिने पुन्हा मान हलवली. बोलता येत होतं. जरा बोबडं, पण येत होतं. वाटेत तिने स्वतःशी 'कालवा' आणि 'वीटभट्टी' म्हणून बघितलं होतं.

"बरं," तो म्हणाला. "मग असं कर, साध्या अक्षरात लिहून दे. मोठं मोठं. मी बघून घेतो."

तो हे इतक्या निर्मळपणे म्हणाला की क्षणभर तिचा हात पेन्सिलीकडे गेलासुद्धा. एकतीस वर्षांची सवय. कुणी लिही म्हटलं की हात जायचा. मग तिने तो हात मागे घेतला, गालावर ठेवला, डोळे मिटले आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. लग्नाच्या अडतीस वर्षांत तिने त्याला खोटं फार थोड्या वेळा सांगितलं होतं, आणि हे तर न बोलताच सांगितलं. बाहेर पानं उलटल्याचा आवाज येत होता. तो अळ्या बघत असणार. एक पान, मग बराच वेळ काही नाही, मग आणखी एक. तिला त्याची दया आली आणि मजाही वाटली, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे झोप आली नाही. पाच वाजता ओठाला मुंग्या आल्या. साडेपाचला तो पूर्ण तिचा झाला. दाढ खरोखरच ठणकू लागली. ती उठली, केस नीट केले, आणि त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

साडेसहाला तिघं आले. दातांची डॉक्टर, बेकरीवाला, जो पहिल्या वर्षापासून गटात होता आणि येताना नेहमी गरम पाव आणायचा, आणि एक भूगोलाचे सर, गटात नवे, ज्यांचा फोन सारखा हातात असायचा. बाकीच्यांनी निरोप पाठवले होते की कॅप्टन म्हणतील तसं. टेबलावर मोठा पांढरा कागद पसरला गेला. ती दाराशी खुर्ची घेऊन बसली, हातात शिवण वगैरे काही न घेता. डॉक्टरने विचारलं, "काकू, भूल उतरली का?" तिने हसून गालाला हात लावला.

त्याने सुरुवात मात्र झोकात केली. वही समोर उघडी, बोट ओळीवरून फिरत होतं, आणि आवाज कॅप्टनचा. वजनकाट्यापाशी हमरस्ता सोडायचा. रेल्वे फाटक. फाटकानंतर कालवा, पाणी डाव्या हाताला. चौथ्या मोरीचा उजवा कठडा तुटलेला. सगळं बरोबर. ती ऐकत होती. चार वर्षांनंतरसुद्धा तिचेच शब्द, जशेच्या तसे, तिच्याच क्रमाने, आणि बेकरीवाला ते मान डोलावत कागदावर उतरवत होता. बोट मात्र दुसऱ्याच पानावरून फिरत होतं. तिथे एका जुन्या घाटाची वळणं होती. हे त्या खोलीत फक्त तिलाच दिसत होतं, आणि तिला अचानक फार उंचावर बसल्यासारखं वाटलं, न्यायाधीशांच्या खुर्चीत बसल्यासारखं.

"मग वीटभट्टी," तो म्हणाला. "दोन धुराडी. तिथे रस्ता फुटतो. तिथे जपायचं बरं का. उजवीकडे ती खाण आहे, माझी खाण, सांगितलीय ना तुम्हाला. आपण डावीकडे घ्यायचं."

"बरोबर," सर फोनवरचा नकाशा बघत म्हणाले. "इथेही डावा रस्ता मोठा दिसतोय."

बेकरीवाल्याने डावीकडे जाणारी रेघ ओढली.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच आठवत होतं. खाणीची गोष्ट त्याने शंभर वेळा सांगितली होती, दर वेळी उभा राहून, उजवा हात लांब करून, 'आणि इथे खाली पाणी'. हात उजवा, म्हणून खाण वर्षावर्षाने उजवीकडे सरकत गेली होती. आणि आता ती पोचली होती. रविवारी सतरा माणसं, दोन धुराडी, रुंद सपाट रस्ता, पुढच्याने वेग वाढवलेला, उंचवटा. दिवसभर तिने मनात जे काय रचलं होतं, तो अडखळेल, वही पुढे करेल, वळून आपल्याकडे बघेल, आणि आपण कशा गप्प राहू, ते सगळं एकदम क्षुल्लक झालं. रस्त्याने सांगितलेलं तिने लिहून घेतलं होतं. नोंद तिच्याकडे होती.

"उजवीकडे," ती म्हणाली.

आवाज स्वच्छ आला. चौघांनी वळून बघितलं.

"वहिनी, कॅप्टन डावीकडे म्हणाले," बेकरीवाला समजुतीच्या सुरात म्हणाला.

"ते म्हणाले डावीकडे. वहीत उजवीकडे आहे. खाण डाव्या हाताला आहे. उजवा रस्ता अरुंद आहे, निलगिरीच्या झाडांतून जातो, पहिला अर्धा किलोमीटर खडी आहे. तोच घ्यायचा."

डॉक्टरने वहीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "काकू, तुम्हाला वाचता येते त्यांची लिपी?"

आता बोलायची पाळी तिची नव्हती. ती नवऱ्याकडे बघत राहिली, रागाने नाही, नुसती. कोर्टात प्रश्न विचारला गेला की उत्तर येईपर्यंत पेन्सिल कागदाला टेकवून बसायची तिला सवय होती. तो वहीकडे बघत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. म्हातारपणी माणसाचे कान मोठे होतात, तिच्या मनात आलं. बेकरीवाला पाव कापायला लागला आणि मधेच थांबला.

"त्यांची कसली," तो शेवटी म्हणाला. स्वतःविषयी असं परक्यासारखं बोलताना तो तिला पहिल्यांदाच दिसत होता. "हिची आहे ती. कोर्टातली लिपी. मला त्यातलं अक्षर वाचता येत नाही. ही मागे बसून लिहायची, ही वाचायची, मी पाठ करायचो. सुरुवातीला कुणीतरी विचारलं हे काय, मी म्हटलं माझी लिपी. गंमत म्हणून. मग सांगायचं राहून गेलं."

"बारा वर्षं?" बेकरीवाला म्हणाला.

"रोज उद्यावर ढकललं की बारा वर्षं होतात."

सर तेवढे हसले आणि लगेच फोनकडे वळले. डॉक्टर लाजून गेली होती, जणू खोटं तिनेच सांगितलं होतं. दुपारी उघड्या तोंडावर वाकून आपण काय काय बोललो ते तिला आठवत असावं. तो मात्र टेबलाला धरून उठायला लागला. गुडघा वाकेना. ती मदतीला उठणार होती, पण त्याने हातानेच नको म्हटलं. उठला, आपली खुर्ची कागदासमोरून न हलवता रिकामी केली आणि स्वतः बाजूच्या स्टुलावर जाऊन बसला, पाय लांब करून. "बस इथे," तो म्हणाला. आणि मग खालच्या आवाजात, "भूल केव्हा उतरली?"

"केव्हाच."

त्याने मान हलवली, पटल्यासारखी. आणि तिला त्याचाही अभिमान वाटला, ज्या दिवशी वाटायचं काही कारण नव्हतं त्या दिवशी. चार माणसांत असं उठून खुर्ची देणं सोपं नसतं. तिने कितीतरी साक्षीदार बघितले होते, शेवटपर्यंत 'आठवत नाही' म्हणणारे.

ती बसली. आधी तिने वहीचं पान बदललं, घाटावरून कालव्यावर आणलं, आणि ते करताना त्याच्याकडे मुद्दाम बघितलं नाही. जुनी पेन्सिल जराशी पुसट झाली होती, पण जाड ते जाड आणि बारीक ते बारीक होतं. तिने पहिल्यापासून वाचायला घेतलं. कॅप्टनसारखं झोकात नव्हे. सपाट, न थांबता, कोर्टात वाचतात तसं. सर दोन-तीनदा फोन बघून म्हणाले, इथे तर असं दिसत नाही. तिने सांगितलं की ही नोंद चार वर्षांपूर्वीची आहे, रस्ता बदलला असेल, तेव्हा येत्या रविवारी आधी कुणीतरी जाऊन बघून यायला हवं. "आणि त्या रविवारी," डॉक्टर म्हणाली, "माझी मागची सीट रिकामी आहे काकू. पंक्चरचं सामान दुसरं कुणी घेईल. दोन्ही रविवारी." तिच्या मांडीला, जिथे पूर्वी इलॅस्टिक बांधायची तिथे, कसलासा ताण जाणवला. "हेल्मेट माझं जुनंच आहे," ती म्हणाली, आणि सगळ्यांनी ते उत्तर म्हणून घेतलं.

बेकरीवाल्याचं अक्षर कुणालाच लागेना. तेव्हा नवऱ्याने हात पुढे केला. "आण इकडे. मी लिहितो. तू सांग." त्याने कागद मांडीवरच्या पाटीवर घेतला, चष्मा सारखा केला आणि टर्नरच्या त्या जाड, नेमक्या, एकसारख्या अक्षरात लिहू लागला. ती सांगत होती आणि तो लिहीत होता. तिला फार विचित्र वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा ती बोलत होती आणि समोर कुणाचा तरी हात ते पकडायला धावत होता.

"हळू," तो म्हणाला. "मी काय स्टेनो आहे?"

ती हळू झाली. सातवी मोरी, आठवी मोरी. आठवीनंतर कुत्री. मग वहीत पुढची ओळ आली, आणि ती थांबली. ती ओळ तिने कधीच वाचली नव्हती. साखळी साफ करताना तो ऐकत असायचा तेव्हा ती दर वेळी वगळून पुढे जायची. त्या जागेवरून ती सहा वेळा गेली होती, आणि दर वेळी ती जागा तिला एक रेघ काढून होईपर्यंतच दिसली होती.

"नववी मोरी," ती म्हणाली. "इथे थांबायचं."

त्याने पेन उचललं. "का? काय आहे तिथे?"

"काही नाही. कालवा वळतो. वळणावर पाणी गप्प होतं एकदम."

"हे कधी वाचून दाखवलं नाहीस."

"तुम्ही थांबला नसता."

त्याने विचार केला. थांबलो असतो, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं असावं, पण म्हणाला नाही. त्याने अंक घातला, पुढे 'थांबा' लिहिलं, आणि पुन्हा पेन उचललं.

"किती वेळ?"

"म्हणजे?"

"सतरा माणसं थांबवायची तर किती वेळ ते लिहावं लागेल. नाहीतर कुणी गाडीवरून उतरणारसुद्धा नाही."

हे तिने कधी ठरवलंच नव्हतं. ती वहीवर हात ठेवून बसली. बाकीचे वाट बघत होते. पाव तसाच पडला होता.

"दहा मिनिटं," ती म्हणाली.

तो लिहायला वाकला.

"नको. पंधरा लिहा."

त्याने पंधरा लिहिलं.